गावच्या कामासाठी पावणी: निधी उभारणाऱ्या लिलावाचे नियोजन

गोव्यात लिलाव ही गोष्ट कोणाला शिकवावी लागत नाही. देवळातील उत्सव संपत आला की देवीला वाहिलेल्या साड्यांची, केळीच्या घडांची, नारळांची पावणी होते. खाजन शेतीतील (खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतीतील) मानशीवर, म्हणजे पाण्याच्या दारावर, मासे पकडण्याचा हक्क पावणीनेच दिला जातो, कोमुनिदादीची (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेची) शेते पावणीत जातात, आणि पालिकेच्या बाजारात सोपो, म्हणजे विक्रेत्यांकडचा बाजारकर, गोळा करण्याचे कंत्राटही तसेच ठरते. चर्चच्या फेस्ताला हाच प्रकार लेलांव म्हणून ओळखला जातो आणि मराठीतील ‘लिलाव’ हा शब्दही त्याच पोर्तुगीज शब्दावरून आलेला आहे. असे असूनही एखादे वाचनालय, शाळा किंवा रुग्णसेवा करणारी संस्था निधीसाठी लिलाव करायचे ठरवते, तेव्हा हा सगळा अनुभव बाजूला ठेवून ती पहिल्या दिवसापासून वस्तू गोळा करू लागते.

फोंडा तालुक्यातील एका वाचनालयासाठी आम्ही तीन वेळा असा लिलाव केला. पहिल्या वर्षी आमच्याकडे एकेचाळीस वस्तू जमल्या होत्या. त्यात भिंतीवरची सात घड्याळे होती, स्टीलचे डिनर सेट होते आणि चौकटीतले गणपती तर मोजण्यापलीकडचे होते. सभागृह भरलेले होते, तरी निम्म्याहून अधिक वस्तूंना एकच बोली आली, आणि एकच बोली आली याचा अर्थ वस्तू सुरुवातीच्या किमतीला गेली. देवळातील साडीची पावणी चढते, कारण ती साडी हवी असलेली दोन घरे समोरासमोर बसलेली असतात आणि हे पुकारणाऱ्याला आधीपासून ठाऊक असते. ही गोष्ट उमगायला आम्हाला एक वर्ष आणि सात घड्याळे खर्ची घालावी लागली. पुढे जे लिहिले आहे ते त्यानंतरच्या दोन वर्षांच्या अनुभवावर आधारलेले आहे.

आधी काम, मग रक्कम

‘संस्थेच्या मदतीसाठी’ एवढ्याने कोणी हात वर करत नाही. वाचनालयाच्या छपराचे वासे आणि कौले बदलायची आहेत, त्याचा अंदाजपत्रकी खर्च इतका आहे, आणि पावसापूर्वी काम पूर्ण करायचे आहे, असे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. त्या कामाचे कंत्राटदाराकडून घेतलेले लेखी अंदाजपत्रक हाताशी असावे, कारण गावात ते कोणीतरी विचारतेच.

रक्कम ठरवताना हिशेब उलट्या दिशेने करावा. समजा, कामासाठी ५ लाख रुपये हवे आहेत. पुकारून होणाऱ्या लिलावात बारा वस्तू ठेवल्या आणि सरासरी २०,००० रुपये आले, तर २,४०,००० होतात. चिठ्ठीवर बोली लिहिण्याच्या मूक लिलावात पंचवीस वस्तूंचे सरासरी ३,००० प्रमाणे ७५,००० होतात. कोणतीही वस्तू न देता कामासाठी थेट हाक घातली आणि त्यातून दीड लाख आले, शिवाय १२० जणांकडून ३०० रुपये प्रवेशमूल्य मिळाले, तर एकूण ५,०१,००० रुपये होतात. कागदावर उद्दिष्ट पूर्ण झालेले दिसते. पण सभागृह, ध्वनियंत्रणा, छपाई आणि खानपान यांचे ६०,००० वजा केले की हातात ४,४१,००० उरतात. म्हणून खर्चाचा भार उचलणारा प्रायोजक आधी शोधावा किंवा उद्दिष्टच तेवढ्याने वाढवावे. अपेक्षित जमेच्या पंधरा-वीस टक्क्यांपेक्षा अधिक खर्च होणार असेल, तर लिलावाचा विचार सोडून घरोघरी पावतीपुस्तक घेऊन जाणे अधिक शहाणपणाचे ठरते.

तारीख आणि जागा

गोव्यातील पंचांग आयोजकाला फारशी मोकळीक देत नाही. पावसाळ्यात माणसे घराबाहेर पडत नाहीत, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आगेमागे कोणाला सवड नसते, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीत चित्रपट महोत्सव असतो, ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त असते आणि त्यानंतर नाताळ येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्निव्हल, शिगमो आणि परीक्षा एकमेकांना लागून येतात. जानेवारीचा दुसरा पंधरवडा आम्हाला सर्वांत सोयीचा वाटला. मात्र आसपासच्या पाच-सहा गावांच्या जत्रांच्या तिथी पाहिल्याशिवाय तारीख पक्की करू नये. जत्रेच्या रात्री गावात नाटक असेल, तर तुमच्या सभागृहात कार्यकारिणीच तेवढी बसलेली असेल.

जानेवारीतील कार्यक्रमाची तयारी ऑगस्टमध्ये सुरू करावी. चवथीला मुंबई-पुण्याचे आणि आखातातले गावकरी घरी येतात. त्यांच्याशी ओसरीवर बसून जे बोलणे होते ते नंतर फोनवर होत नाही.

जागेबद्दल एवढेच सांगणे पुरे आहे, की दीडशे माणसांसाठी हजार आसनांचे नाट्यगृह घेऊ नये. राजीव गांधी कला मंदिर किंवा रवींद्र भवन यांसारख्या वास्तूंत मुख्य सभागृहाखेरीज लहान दालन मिळते का, हे आधी विचारावे. रिकाम्या खुर्च्यांमध्ये बोली चढत नाही. कार्यक्रम उघड्या अंगणात असेल, तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे हे लक्षात ठेवून सगळे ९ वाजेपर्यंत आटोपेल असा बेत करावा.

बोलीदारांची यादी

हे काम वस्तू गोळा करण्याच्या आधी करायचे आहे, आणि याच कामाचा सर्वांना कंटाळा येतो. एका वहीत तीन रकाने आखावेत: माणसाचे नाव, त्याला कशाची आवड आहे आणि तो साधारण किती रुपयांपर्यंत जाऊ शकेल. हा शेवटचा रकाना समितीतील दोघा-तिघांनीच भरावा आणि ती वही बाहेर जाऊ देऊ नये. गावात असल्या वह्यांना पाय फुटतात. बारा वस्तू पुकारायच्या असतील, तर वीस-पंचवीस हजारांपर्यंत जाऊ शकणारे निदान पंचवीस जण यादीत असावेत. त्यांतले निम्मेच प्रत्यक्ष येतील आणि आलेले सगळेच हात वर करणार नाहीत.

यादी झाली की प्रत्येक संभाव्य वस्तूसमोर तिच्यासाठी बोली लावतील अशी निदान दोन नावे लिहावीत. दोन नावे सुचली नाहीत, तर ती वस्तू कितीही किमती असली तरी पुकारायच्या लिलावात घेऊ नये. ती मूक लिलावात ठेवता येते किंवा आभार मानून परत करता येते. परत करण्याचा संकोच वाटतो, पण देणाऱ्याच्या समोर त्याची वस्तू कवडीमोलाने जाणे अधिक संकोचाचे असते.

कोणत्या वस्तू चढतात

दुकानात ठरलेल्या भावाने मिळणाऱ्या वस्तूला त्या भावापेक्षा जास्त मोल येत नाही. जे विकत मिळत नाही त्याला येते. आमच्या दुसऱ्या लिलावात सर्वाधिक बोली लागली ती एका कुळागरातील, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेतील, दिवसाला: आठ जणांना सकाळी पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसता येईल, माडा-पोफळीखाली फिरता येईल आणि दुपारी घरच्या काकूंच्या हातचे केळीच्या पानावरचे जेवण मिळेल. देणाऱ्याला त्याचा खर्च फारसा आला नाही. गोव्यात अशा गोष्टी मुबलक आहेत. स्थानिक गायकाची घरगुती बैठक, जुन्या घरातील दोन दिवसांचा मुक्काम, होडीतून चोडणच्या खारफुटीत पक्षी पाहण्याची सकाळ, कोणा सुगरणीकडून खतखते आणि पातोळ्या शिकण्याचा दिवस, यांपैकी काहीही चालते. घरातल्या झाडाच्या पहिल्या मानकुराद आंब्यांची पेटी जानेवारीत ‘येणे’ म्हणून, म्हणजे हंगामात द्यायच्या बोलीवर, पुकारता येते; हंगामाच्या सुरुवातीला मानकुरादाचा भाव काय असतो हे ठाऊक असलेला माणूस त्यासाठी पुढे सरसावतो. अशा प्रत्येक ‘अनुभवा’सोबत किती माणसे, कोणत्या तारखेपर्यंत, काय समाविष्ट आणि काय नाही, हे देणाऱ्याच्या सहीनिशी लिहून घ्यावे. आमच्याकडून एकदा हे राहिले आणि आठ जणांच्या जेवणाला चौदा जण गेले.

हस्तकलेत कुणबी साडी, डिचोलीची मातीकामे, पितळी समया आणि लाखेच्या रंगातली लाकडी वस्तू यांना चांगली मागणी असते, मात्र ती वस्तू बाजारपेठेत टांगलेल्या दहा वस्तूंसारखी नसावी. चित्रांच्या बाबतीत माझे मत थोडे निराळे आहे. दरवेळी चित्रकारांकडे फुकट चित्र मागण्याची आपल्याकडची रीत मला योग्य वाटत नाही. त्यांच्याशी आधी किमान किंमत ठरवावी आणि आलेल्या रकमेतील तीस ते पन्नास टक्के त्यांना देण्याची तयारी ठेवावी; त्यामुळे चांगले चित्र मिळते आणि चित्रकार स्वतःचे ग्राहकही घेऊन येतो. पणजीत आल्तिन्याला असलेल्या कला महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची चित्रे या दृष्टीने पाहण्यासारखी असतात. फ्रान्सिस न्यूटन सोझा किंवा लक्ष्मण पै या नामवंत गोमंतकीय चित्रकारांचे ‘घरात पडून असलेले’ रेखाचित्र कोणी आणून दिले, तर ते कोणाकडून कोणाकडे आले याचे कागद पाहिल्याशिवाय स्वीकारू नये. अशा नावांची बनावट चित्रे फिरतात आणि एका खोट्या चित्रामुळे संस्थेचे नाव जाते.

काय घेऊ नये

जुन्या घरांतून वस्तू येऊ लागल्या की हा प्रश्न उभा राहतो. हस्तिदंताचा क्रूस, हस्तिदंती मुठीची काठी, भिंतीवरची सांबराची शिंगे, कासवाच्या कवचाची डबी या वस्तू कितीही पिढ्या घरात असल्या तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्यांची विक्री करता येत नाही. त्याच वर्षीच्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी, चित्रे, कोरीवकाम आणि ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते ‘पुरावशेष’ या सदरात येऊ शकतात आणि त्यांच्या विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो. आपल्या हौशी समितीने त्या वाटेला जाऊच नये. पन्नास-साठ वर्षांची शिसवी खुर्ची मात्र खुशाल घ्यावी.

काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि जुन्या फेणीची बाटली लिलावात हमखास चढेल असे सुचवणारा समितीत एक जण असतोच. मद्याच्या विक्रीला अबकारी खात्याचा परवाना लागतो, त्यामुळे ही सूचना बाजूला ठेवावी. तिकिटे विकून सोडत काढण्याचा मोहही टाळावा. लिलाव आणि सोडत कायद्याच्या दृष्टीने अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि विनापरवाना लॉटरी चालवणे हा गुन्हा ठरू शकतो.

किंमत, वाढ आणि क्रम

पहिली बोली बाजारभावाच्या साधारण तीस ते पन्नास टक्क्यांवर ठेवावी. फार वरून सुरुवात केली की सभागृह गप्प बसते आणि एकदा बसलेली ती शांतता पुढच्या दोन वस्तूंनाही भोवते. वाढ सुमारे दहा टक्क्यांची असावी: ५,००० ला ५०० ची आणि २०,००० ला २,००० ची. वस्तू देणाऱ्याने किमान किंमत घातली असेल, तर ती पुकारणाऱ्याच्या कागदावर लिहिलेली असावी आणि तेवढी बोली न आल्यास वस्तू विकली जाणार नाही, हे नियमांत आधी छापावे.

क्रम लावताना सर्वांत मोलाची वस्तू पहिली ठेवू नये, कारण माणसे तोपर्यंत स्थिरावलेली नसतात; शेवटचीही ठेवू नये, कारण तेव्हा जेवणाचा वास सुटलेला असतो. दोन-तीन हलक्या, हसवणाऱ्या वस्तूंनी आरंभ करून चौथ्या ते आठव्या क्रमांकात भारी वस्तू घ्याव्यात. एका वस्तूला तीन ते चार मिनिटे धरली तर बारा वस्तूंना पाऊण तास लागतो. त्यापलीकडे ताणू नये. छायाचित्रांसह यादी दहा दिवस आधी व्हॉट्सॲपवर पाठवावी. तिच्यात आकार, साहित्य आणि दोष स्पष्ट लिहावेत. समईचा एक कान डागून बसवलेला असेल तर तसे लिहावे.

पुकारणारा आणि ती संध्याकाळ

चांगला निवेदक हा चांगला पुकारणारा असतोच असे नाही. निवेदकाला बोलायला आवडते. पुकारणाऱ्याला थांबता आले पाहिजे, समोरच्या चेहऱ्यांवरची चुळबुळ वाचता आली पाहिजे आणि कोणालाही न दुखवता चिमटा काढता आला पाहिजे. देवळात पावणी करणारा अनुभवी माणूस मिळाला, तर सोन्याहून पिवळे. त्याच्या दोन्ही बाजूंना हात टिपणारा एकेक स्वयंसेवक असावा आणि एक जण फक्त लिहीत असावा: वस्तू क्रमांक, अखेरची बोली, बोलीदाराचा क्रमांक, आणि त्याच्या आधीच्या बोलीदाराचा क्रमांक. प्रत्येकाला दारातच नाव आणि फोन नोंदवून क्रमांकाची पाटी द्यावी. ‘तीन वार’ म्हटल्यावर कोणाचा हात आधी होता असा वाद झाला, तर त्याच क्षणी त्या दोघांतच बोली पुन्हा उघडावी.

बोली वाढवण्यासाठी आपलाच माणूस पेरणे ही फसवणूक आहे आणि गावात ती लपतही नाही. समितीच्या सभासदाला बोली लावायची असेल तर त्याने खरोखर पैसे देण्याच्या तयारीने लावावी.

वेळापत्रक साधे ठेवावे. साडेपाचला दार उघडून मूक लिलाव सुरू करावा, पावणेसातला पुकारण्यास आरंभ करावा, सहाव्या वस्तूनंतर थेट मदतीची हाक घालावी, मग उरलेल्या वस्तू घ्याव्यात, पावणेआठला मूक लिलाव बंद करावा आणि त्यानंतर जेवण वाढावे. आपल्या कार्यक्रमांतील दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांचे मनोगत यांना एकत्र मिळून पंधरा मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये. आमच्या पहिल्या लिलावात सत्कार पन्नास मिनिटे चालले आणि बोली लावू शकणारी दोन कुटुंबे त्या दरम्यान उठून गेली.

थेट हाकेच्या वेळी वस्तूंचा गोंगाट पूर्ण थांबवावा. ज्या कामासाठी पैसे हवेत त्याविषयी त्या कामाशी संबंधित एकाच व्यक्तीने दोन मिनिटे बोलावे. आमच्याकडे नववीतल्या एका मुलीने पावसात कोणत्या कपाटांवर प्लास्टिक घालावे लागते ते सांगितले होते. मग २५,००० पासून आरंभ करून १०,०००, ५,००० आणि १,००० असे खाली उतरत जावे आणि प्रत्येक टप्प्यावर वर आलेल्या हातांचे क्रमांक टिपून घ्यावेत. वरच्या टप्प्यावर निदान एक हात येईल याची त्या व्यक्तीशी आधीच बोलून खात्री करून घ्यावी. हजार रुपयांच्या टप्प्यावर सर्वांत जास्त हात येतात आणि ज्यांना बोली परवडली नाही त्यांना सहभागाचे समाधान तिथेच मिळते.

वसुली आणि कागदपत्रे

पावणीची खरी अडचण वसुलीत असते. भरसभेत चढवलेली बोली दुसऱ्या दिवशी जड वाटू लागते आणि शेजाऱ्याकडे पैसे मागायला कोणी जात नाही. आमची एका वर्षाची १८,००० रुपयांची बोली पुढच्या चवथीपर्यंत येणे होती. तेव्हापासून नियम केला: पैसे भरल्याशिवाय वस्तू हातात नाही, आणि ४८ तासांत पैसे आले नाहीत तर ती वस्तू दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला त्याच्या शेवटच्या बोलीने देऊ करायची. हा नियम पाटीच्या मागच्या बाजूला छापावा. पैसे घेण्यासाठी जेवणाच्या वाटेवर दोन टेबले असावीत आणि प्रत्येकावर संस्थेच्या खात्याचा क्यूआर संकेत व पावतीपुस्तक असावे. खजिनदाराचा खासगी क्रमांक कधीही वापरू नये. मोठ्या रकमांसाठी यूपीआयची मर्यादा आड येऊ शकते, म्हणून धनादेश आणि बँक हस्तांतराची सोय ठेवावी. एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे.

करसवलतीबाबत वाटेल ते आश्वासन देऊ नये. पूर्वापार ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत संस्थेची तशी मान्यता असेल तरच मिळते, ती पैशाच्या रूपातील देणगीलाच मिळते आणि २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला मिळत नाही. म्हणून ज्याने चित्र किंवा समई दिली त्याला या सवलतीचे प्रमाणपत्र देता येत नाही. थेट हाकेत पैसे देणाऱ्याला देता येते. बोली जिंकणाऱ्याने पैशांच्या बदल्यात वस्तू घेतलेली असते, त्यामुळे त्याच्या पावतीवर ‘देणगी’ लिहिण्यापूर्वी, तसेच वस्तू व सेवा कर लागू होतो का हे ठरवण्यासाठी, सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांकही बदलतात. जुन्या पावत्या तशाच छापून घेऊ नयेत.

गोव्यात आणखी एक गोष्ट विशेष जपावी लागते. दुबईत नोकरी करणारा आणि भारतीय पासपोर्ट असलेला गावकरी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, तेव्हा ते परकीय योगदान मानले जात नाही. परंतु पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन लंडनला गेलेला त्याचाच चुलतभाऊ कायद्याच्या दृष्टीने परकीय स्रोत ठरतो, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला मिळणारे कार्ड) असले तरीही. २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी आणि त्यासाठीचे दिल्लीतील स्टेट बँकेचे खाते नसेल, तर त्याची देणगी प्रेमाने नाकारावी लागते. फोनवरून बोली लावण्याची सोय ठेवणार असाल, तर नोंदणीच्या वेळीच नागरिकत्व विचारावे. प्रश्न अवघड वाटतो, पण पैसे खात्यात आल्यावर तो अधिक अवघड होतो.

लिलावानंतरचा पंधरवडा

पहिल्या आठवड्यात वस्तू देणाऱ्या प्रत्येकाला पत्र जावे आणि त्याच्या वस्तूला किती रक्कम आली ते त्यात लिहावे. न विकलेली वस्तू संस्थेच्या कपाटात न ठेवता स्वतः जाऊन परत करावी. पंधरा दिवसांत जमा, खर्च आणि येणे यांचा हिशेब वाचनालयाच्या फलकावर लावावा. येणे रक्कम लपवू नये, मात्र नावे लिहू नयेत. छपराचे काम सुरू झाले की त्याची छायाचित्रे बोलीदारांना पाठवावीत.

लिहिणाऱ्याने टिपलेला कागदही त्याच पंधरवड्यात नीट उतरवून ठेवावा. प्रत्येक वस्तूसमोर ज्याची बोली थोडक्यात हुकली त्याचे नाव त्यात असते. आमच्या तिसऱ्या लिलावाची यादी आम्ही त्या नावांपासून सुरू केली आणि कुळागरातील दिवस त्या वर्षी अशाच एका घराने नेला.